भरीत पार्टीत वांगी कच्ची राहू नयेत म्हणून

शेतावर पाहुणे जमले की घाईत भरताची वांगी बाहेरून करपतात आणि देठाजवळ कच्ची राहतात.

1. वांग्याला तेलाचा हात लावा, सुरीने चार टोचे मारा. एक देठालगत हवाच, नाहीतर वांगं फुटतं.
2. वाळलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, जाळ बसू द्या. निखाऱ्यावर वांगी ठेवून दर तीन-चार मिनिटांनी फिरवा, देठाकडची बाजू जास्त वेळ. तिथे सुरी अलगद शिरली की झालं.
3. लगेच पातेल्यात 10 मिनिटं झाकून ठेवा, साल हाताने सुटते. पाण्याखाली मात्र धुऊ नका. धुराचा वास जातो, आणि खान्देशी भरताचा जीव तोच. मग बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरव्या मिरच्यांसोबत ठेचा.

चूल कडब्याच्या गंजीपासून लांब, वारा पाहूनच मांडा.