अक्षर-सुडोकू सोडवताना या चुका टाळा

साधा सुडोकू चहा संपायच्या आत उरकणारी माणसंही अक्षर-सुडोकूत हमखास अडकतात. नियम तर तेच. नऊ बाय नऊची चौकट. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या पेटीत कुठलंही चिन्ह एकदाच. फक्त १ ते ९ च्या जागी नऊ अक्षरं येतात आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली बहुधा एक शब्द तिरका दडलेला असतो.

घोळ होतो तो या शब्दामुळेच. तिरक्या रेषेत 'को', 'मि' आणि 'ळ' दिसले की कोल्हापूरचा माणूस 'कोल्हापुरी मिसळपाव' लिहून मोकळा होतो. अक्षरं बरोबर नऊ, एकही पुन्हा नाही, मग शंका कशाला? पण आपल्याकडे कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, आणि 'कोल्हापुरी मिसळब्रेड'चीही अक्षरं नऊच! चौकटीत कुठे 'ब्रे' दिलाय का, हे आधी बघा. शब्द सुचला तर समासात लिहून ठेवा. घरात अक्षर भरायचं ते ओळ आणि पेटी सांगेल तेव्हाच.

शब्द बरोबर ओळखला म्हणजे कोडं सुटलं, असंही नाही. कागदावर चार बाय चारची चौकट आखा आणि तिरक्या रेषेत को, ल्हा, पू, र लिहा. आता पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरात काय? 'पू'ही बसतो आणि 'र'ही, आणि दोन्ही वाटांनी अख्खी चौकट बिनचूक भरते. तिथे 'पू' दिलेला असेल तर पहिली ओळ को-पू-र-ल्हा, दुसरी र-ल्हा-को-पू, तिसरी ल्हा-र-पू-को आणि चौथी पू-को-ल्हा-र. दुसरं उत्तर निघतच नाही. निकाल लावला तो त्या एका जादा अक्षराने. एकदा हातानं करून बघाच.

मराठीत आणखी एक भानगड म्हणजे काना-मात्रा. 'ल्हा' हे एकच घर. 'पु' आणि 'पा' वेगळे. घाईत लिहिलेला उकार पुसट झाला की पुढची दहा घरं वाया. छोट्या घरात शक्यतांची बारीक टिपणं करायला तर जोडाक्षरं मावतच नाहीत. त्यापेक्षा कडेला तक्ता करा: को १, ल्हा २, पु ३... आणि टिपणं आकड्यांत ठेवा. १ ते ९ चा क्रम डोक्यात पक्का असतो, त्यामुळे ओळीत ७ नाही हे चटकन दिसतं. अक्षरांचा असा पाढा कुणाला पाठ नसतो. काही जण याला लबाडी म्हणतात. मला तसं वाटत नाही.

दुसऱ्या कर्णात अक्षर दोनदा आलं म्हणून खोडू नका. तिथे असा काही नियम नाही, कोड्यात तसं मुद्दाम सांगितलं असेल तरच.

एका ओळीत 'स' दोनदा आला? मूळ चूक बहुधा तिथे नसते, बरीच आधी झालेली असते. म्हणून अंदाजानं अक्षर टाकण्याआधी मोबाईलवर चौकटीचा फोटो काढा. गणित बिघडलं की तिथपर्यंत मागे या, सगळं खोडत बसू नका.

आणि कधी कधी कोडंच सदोष असतं. नऊ बाय नऊच्या सुडोकूला एकच उत्तर हवं असेल तर किमान १७ घरं भरून द्यावीच लागतात, हे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या डब्लिनमधल्या गटानं २०१२ मध्ये संगणकावर दाखवून दिलं. शब्दाची अट जोडली तर कमी घरांतही भागू शकतं. पण शब्द कुठे दडलाय हे सांगितलेलं नाही आणि नवांपैकी दोन अक्षरं दिलेल्या घरांत कुठेच नाहीत, तर त्या दोघांची अदलाबदल केली तरी उत्तर बरोबरच येतं. असं कोडं ग्रुपवर आलं तर वेळ घालवू नका, पाठवणाऱ्यालाच उत्तर विचारा.