पावसाळी फोटोग्राफी: कॅमेरा पावसात कमी आणि कपाटात जास्त बिघडतो, या चुका टाळा

खंडेनवमीला पूजेसाठी कॅमेरा बाहेर काढला, पुसला आणि सहज म्हणून ५० एमएमच्या लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून पाहिला. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले. धूळ असेल म्हणून फुंकर मारली, मग पुसून पाहिलं. तंतू जागचे हलेनात, कारण ते काचेच्या आतल्या बाजूला होते. बुरशी होती ती. हातातलं झेंडूचं फूल हातातच राहिलं.

गंमत म्हणजे त्या लेन्सवर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. जुलैत हरिश्चंद्रगडावर नेली होती, पण तिथे दोन फुटांवरचं दिसत नव्हतं, त्यामुळे ती बॅगेतून बाहेरच आली नाही. घरी आल्यावर बॅग तशीच कपाटात गेली. आतल्या कप्प्याला ओल होती, वर ओला रुमाल कोंबलेला होता, आणि अडीच महिने मी ती उघडली नाही.

जून लागला की ओळखीतले लोक विचारतात, ‘रेनकव्हर कुठलं घेऊ?’ कुठलंही घ्या. पण माझ्या पाहण्यात पावसात भिजून गेलेल्या कॅमेऱ्यांपेक्षा कपाटात कुजलेले जास्त आहेत. म्हणून हा लेख उलट्या टोकाने, घरापासून सुरू करतोय. डोंगर नंतर.

बॅग तशीच ठेवून झोपणं

ट्रेकहून आल्यावर अंघोळ, गरम पिठलं-भात आणि झोप, यापलीकडे काही सुचत नाही हे मान्य आहे. पण झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. बॅग पूर्ण रिकामी करा. कॅमेरा आणि लेन्स बाहेरून कोरड्या सुती कापडाने पुसा, बॅटरी आणि कार्ड काढा, त्यांची झाकणं उघडी ठेवा आणि सगळं टेबलावर पसरून पंखा लावा. उन्हात ठेवू नका आणि हेअर ड्रायर तर नकोच. गरम हवेच्या झोताने पाणी आणखी आत जातं.

बॅग वेगळी टांगा. तिच्या फोमच्या गाद्या वरून कोरड्या लागल्या तरी आतली ओल जायला दोन-तीन दिवस लागतात. चामड्याचं जुनं केस असेल तर ते पावसाळाभर दुसऱ्या खोलीत ठेवा. चामड्याला बुरशी किती लवकर लागते, हे चपलांच्या कपाटाने आपल्याला दरवर्षी दाखवलेलं असतंच.

बुरशीचे बीजकण सगळीकडे असतात, ते टाळता येत नाहीत. टाळायची ती दमट, अंधारी, हवा न खेळणारी जागा. आर्द्रता साधारण ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीचं फावतं, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती बहुतेक वेळ ८० च्या पुढे असते. कपाटाचं दार बंद केल्याने ती कमी होत नाही.

सिलिका जेल आहे, म्हणजे झालं

चपलांच्या खोक्यात निघालेल्या त्या पांढऱ्या पुड्या जपून ठेवून कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकणारे खूप लोक आहेत. मीही त्यातलाच. त्या पुड्या आपल्या हातात येईपर्यंत त्यांना जेवढं पाणी ओढायचं तेवढं ओढून झालेलं असतं. आणि बॅगेची चेन काही हवाबंद नसते. दोन पुड्यांनी सगळ्या खोलीची हवा कोरडी करावी, अशी ती अपेक्षा आहे.

साधा, स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे स्वयंपाकघरातला चारी बाजूंनी क्लिपा असलेला, झाकणाला रबर असलेला डबा. १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल पुरे होतं. रंग बदलणारं घ्या, म्हणजे संपलं कधी ते कळतं. नारिंगी खडे ओल धरली की हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. मी नारिंगी घेतो, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. ते घरच्या कढईत भाजायला जाऊ नका. नारिंगी खडे वेगळ्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा कामाला येतात.

डब्यात आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. आकडा ४० ते ५० च्या मध्ये हवा. काही उत्साही मंडळी तो २० वर नेऊन बसवतात. तेही बरं नाही, फार कोरड्या हवेत रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. लेन्स चार-पाच झाल्या असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. महाग वाटतं, पण एका बऱ्या लेन्सपेक्षा स्वस्तच पडतं.

दोन घरगुती उपाय मात्र नकोत. एक, डांबरगोळ्या. त्या ओल शोषत नाहीत, वर त्यांच्या वाफेचा थर काचेवर बसू शकतो. दुसरा, डब्यात तांदूळ. तांदळाची पिठी कुठे कुठे जाते ते भांडी घासणाऱ्याला विचारा.

आणि कॅमेरा वापरत राहा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून खिडकीतून समोरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचे फोटो काढले तरी चालेल. उजेड आणि हवा लागलेली लेन्स सहसा कुजत नाही.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढणं

ताम्हिणीत एकदा दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं. समोरच्या कड्यावर पाच-सहा धबधबे एकदम उजळले. दाजींनी गाडी बाजूला घेतली, मागच्या सीटवरून कॅमेरा उचलला आणि धावले. फोटोत नुसतं पांढरं. लेन्स पुसली, पुन्हा पांढरं. शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा तेच. ‘दाजी, पुसू नका हो, नुसते थांबा,’ असं मी म्हणेपर्यंत ऊन गेलं होतं आणि काचेवर शर्टाचे ओरखडे उमटले होते.

गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, तेच इथे होतं. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. गाडीतला एसी २२ वर असतो. काच गरम होईपर्यंत ती कितीही पुसा, वाफ परत येणार.

गाडीत यावर दोनच उपाय आहेत. कॅमेऱ्याची बॅग एसीच्या झोतात न ठेवता डिकीत ठेवा, किंवा पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा. हॉटेलच्या एसी खोलीत रात्र काढलेला कॅमेरा सकाळी बाहेर नेताना खोलीतच झिप-लॉक पिशवीत बंद करा आणि बाहेर गेल्यावर २०-३० मिनिटं ती उघडू नका. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

वाफ काचेच्या आतल्या बाजूला दिसली तर प्रकरण वेगळं आहे. झूम पुढे-मागे करू नका. नळी बाहेर येणारी झूम लेन्स पिचकारीसारखी दमट हवा आत ओढते. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा आणि घरी पोचल्यावर एक-दोन दिवस डब्यात ठेवून द्या. याच कारणासाठी धो-धो पावसात लेन्स बदलणंही टाळा. बॉडी ‘वेदर सील्ड’, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये अशी सीलबंद, आहे म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की लेन्सच्या मागे रबराची कडी नसेल तर त्या बॉडीच्या सीलचा फारसा उपयोग नाही. काही सील्ड लेन्सना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पुरं होत नाही.

फोन वॉटरप्रूफ आहे ना, मग काय

फोनच्या माहितीत लिहिलेल्या आयपी ६८ मधला ६ हा आकडा धुळीचा आणि ८ पाण्याचा. ती चाचणी प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात होते. धबधब्याचा मारा, तारकर्लीचं खारं पाणी किंवा दोनदा पडून स्क्रीन बदललेला फोन त्यात धरलेला नसतो. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही, हेही पावती नीट वाचल्यावरच कळतं.

फोन भिजलाच तर चार्जिंगला लावू नका. चार्जिंगचं तोंड खाली करून हातावर हलके आपटा, पाणी निथळू द्या आणि अर्धा तास हवेशीर जागी ठेवा. तरीही ओलाव्याची सूचना येत असेल तर पूर्ण एक दिवस थांबा. आत कापसाची काडी घालू नका. आणि तांदळाचा डबा इथेही नको, ॲपलनेसुद्धा आपल्या सूचनांत तांदळाला स्पष्ट नाही म्हटलेलं आहे. कण पोर्टमध्ये अडकतात.

पावसात स्क्रीनवर थेंब पडले की टच वेड्यासारखं वागतं, त्यामुळे फोटो आवाजाच्या बटणाने काढा. धुऊन सुकवलेली दुधाची पिशवी आणि रबरबँड एवढ्यावर अख्खा दिवस निघतो. फोटो ‘धुरकट येतात’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या फोनची लेन्स मी आधी पुसून देतो. दहातल्या आठांची तक्रार तिथेच संपते.

समुद्रावरून आल्यावर मात्र नुसतं कोरडं कापड पुरत नाही. मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने अलगद टिपा, मग कोरड्याने.

धुकं करडं आणि हिरवा रंग पोपटी

आता डोंगरावर. धुक्यातले फोटो मळकट करडे येतात, कारण कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. भरपूर पांढरं दिसलं की ते फोटो अंधारा करतं. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, ०.७ ते १ ने वाढवा. फोनवर असाल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. ऑटोफोकस पुढे-मागे घुटमळत असेल तर त्याला धरायला काहीतरी द्या: तटबंदीची कड, वाळलेलं झाड किंवा लाल पोंचो घातलेला मित्र. मी ट्रेकला निघताना मुद्दाम कुणाला तरी लाल घालायला सांगतो आणि दरवेळी शिव्या खातो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र बघायला जाणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे संध्याकाळी वाट बघत बसणं. कडा पश्चिमेला आहे. इंद्रवज्रासाठी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं हवं, म्हणजे सकाळ हवी. तेव्हा आपलीच सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं. शेजारच्याला त्याच्या सावलीभोवतीचं दिसतं, त्यामुळे ‘तुझं दाखव’ म्हणण्यात अर्थ नाही. फोकस लांबवर अडकवून ठेवा, धुकं सरकत असताना कॅमेऱ्याला शोधू देऊ नका.

धबधबा दुधासारखा हवा असेल तर पाव ते एक सेकंदाचा शटर, ट्रायपॉड आणि दिवसा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्सपोजर केलं तरी जमतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर प्रत्येक धबधबा दूध करायची गरज नसते. पण पोलरायझर फिल्टर जरूर घ्या. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी तो काढतो आणि खालचा खरा रंग वर येतो. मग फोटो ॲपमध्ये हिरवा रंग ओढून-ताणून सगळा डोंगर पोपटी करावा लागत नाही. भातखाचराचा हिरवा, कारवीचा हिरवा आणि कातळावरच्या शेवाळाचा हिरवा हे तीन वेगळे रंग आहेत. त्यांना वेगळं राहू द्या.

एका फ्रेमसाठी

कास पठारावर फुलांच्या गालिच्यात आडवं पडून काढलेले फोटो अजून दिसतात. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि सीतेची आसवं हे फूल बोटाच्या पेराएवढंही नसतं. ते फोटोत मोठं दिसावं असं वाटत असेल तर पायवाटेवरूनच कॅमेरा जमिनीलगत धरा आणि स्क्रीन वळवून बघा.

पाण्याजवळ एवढंच: आवाज वाढला, पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून यायला लागला, तर ट्रायपॉड तिथेच सोडून वर या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब पाण्याच्या मधोमध उभं असतानाच लोंढा आला होता.

बुरशी लागलीच तर

बाकीच्या लेन्सपासून ती आधी वेगळी ठेवा. मग पाहा, तंतू पुढच्या काचेच्या बाहेरून आहेत की आत. बाहेरून असतील तर लेन्स क्लीनरने जातात. आत असतील तर यूट्यूब बघून स्क्रू उघडू नका; काचा पुन्हा जागच्या जागी बसवणं घरी होत नाही. उन्हात ठेवून बुरशी मरते असं सांगतात. वाढ थांबेलही कदाचित, पण तंतू जात नाहीत, आणि लेन्समधून गोळा झालेलं ऊन खालच्या कापडाला भोक पाडू शकतं.

मी माझी लेन्स मुंबईत फोर्टात बोरा बाजारच्या एका गल्लीत नेली. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी ती दिव्यासमोर धरली, दोनदा फिरवली आणि विचारलं, ‘कधीपासून बंद होती?’ मी म्हटलं, जुलैपासून. ‘महिन्याभरात आणली असती तर डाग राहिला नसता.’ बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. तंतू पुसले जातात, खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.

लेन्स साफ होऊन आली. कडेला नखाएवढा धुरकट चट्टा राहिलाय. एरवी फोटोत दिसत नाही, पण सूर्य समोर आला की त्या कोपऱ्यात एक फिकट ढग उगवतो. विकायला काढली तर घेणारा आधी टॉर्चच मारून बघेल, म्हणून ती घरातल्या फोटोंसाठी ठेवली आहे.