कंट्रोल फ्लुइड: पाण्यावर नजर ठेवा

भाऊ, आपल्या दीपनगर वीज केंद्रासारख्या ५०० मेगावॅटच्या टर्बाइन संचात वाफ ५४० अंशांच्या आसपास असते. गरम पाइपावर खनिज तेल उडालं की भडकाच. म्हणून गव्हर्निंगला, म्हणजे टर्बाइनचे वाफेचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेला, कंट्रोल फ्लुइड म्हणून फॉस्फेट एस्टर हे कृत्रिम द्रव घ्या. ते सहज पेटत नाही, पेटलं तरी आग धरून ठेवत नाही. सील व्हायटॉन या फ्लोरो-रबराचेच, नायट्राइल रबर त्यात फुगतं.

खरा वैरी पाणी. पाण्याने एस्टर फुटून आम्ल होतं, आम्लाने ते आणखी फुटतं. खानदेशातला उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्यात टाकीत हवा घेणाऱ्या ब्रीदरचं, ओल शोषणारं सिलिका जेल रोज बघा. पाणी १००० पीपीएमखाली, आम्लांक (आम्ल किती झालं त्याचं माप) ०.२ च्या आत हवा. मी ०.१ लाच फुलर्स अर्थ या आम्ल शोषणाऱ्या मातीचा फिल्टर बदलायला लावतो; पुढे आम्ल झपाट्याने चढतं. आणि टर्बाइन ऑइल, म्हणजे बेअरिंगचं खनिज तेल, त्यात थेंबभरही नको.