चेक इंजिनचा दिवा आधी मोजा, सेन्सर मग घ्या

मुंबईत दादरच्या हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून स्कूटर काढली आणि मीटरवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, तर लगेच सेन्सर आणायला कुर्ल्याला पळू नका. होंडाच्या बहुतेक छोट्या एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्या बिघाडाचा आकडा त्या दिव्यातूनच सांगतात. स्कॅनर लागत नाही.

गाडी सावलीत मेन स्टँडवर लावा. चावी ऑन करा, स्टार्टर दाबू नका. सुरुवातीला दिवा दोन-तीन सेकंद लागतो, तो मोजायचा नाही. पुढे तो लुकलुकू लागला की लांब उघडझाप (साधारण 1.3 सेकंद) म्हणजे 10, आणि छोटी, अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरची, म्हणजे 1. एक लांब, दोन छोट्या: 12. जरा थांबून तोच आकडा पुन्हा येतो. बिघाड दोन असले तर लहान आकडा आधी. नुसत्या नजरेने मोजताना हमखास घोळ होतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा, तीन वेळा सारखा आला तरच आकडा खरा.

नेहमीचे आकडे असे: 7 इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर, 8 थ्रॉटल पोझिशन (अ‍ॅक्सिलरेटर किती उघडला ते सांगणारा सेन्सर), 9 आत येणाऱ्या हवेचं तापमान, 12 इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा पार्ट), 21 ऑक्सिजन सेन्सर. दुसऱ्या कंपन्यांना हा तक्ता लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आकडा सर्किट दाखवतो, पार्ट नव्हे. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत आधी कपलर, म्हणजे पार्टला वायरी जोडणारा प्लग, बिघडतो. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आकड्यातल्या पार्टच्या कपलरचं लॉक दाबून तो प्लास्टिकच्या भागाला धरून ओढा, वायरींना धरून नाही. आत टॉर्च मारा. पितळी पिनेवर हिरवट थर, तळाशी पाण्याचा थेंब किंवा मागे सरकलेली पिन दिसली तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. काँटॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. पॉलिश पेपरने घासू नका. पिनेवरचा मुलामा गेला की गंज लवकर येतो.

कपलर स्वच्छ असूनही 12 येत असेल, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर इंजेक्टरच्या दोन पिनांना लावा. साधारण 9 ते 15 ओम हवेत. मल्टिमीटरवर आकडाच येत नसेल तर आतली कॉइल तुटली, इंजेक्टर बदला.

दिवा गाडी चालवताना लागतो, पण चावी ऑन केल्यावर लुकलुकत नाही? मग कोड, म्हणजे बिघाडाचा आकडा, मेमरीत आहे. तो काढायला सर्व्हिस कपलरच्या ठरावीक दोन पिना जोडाव्या लागतात. मॅन्युअल हातात नसताना तिथे वायर घालू नका, चुकीची पिन जोडली तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जळू शकतो.