एक्सेल उघडायला ४३ सेकंद: माझा अनुभव

लातूरला आमच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर. सोयाबीनच्या हंगामात सकाळपासून शेतकरी पट्टीसाठी (मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी) काउंटरसमोर उभे, आणि एक्सेल उघडता उघडत नाही. "सर, मशीनच बदला," सगळ्यांचं एकच म्हणणं. मी आधी मोजायचं ठरवलं.

मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं. डबल-क्लिकपासून रकान्यात अक्षर उमटेपर्यंत मोजायचं; नुसती खिडकी दिसली म्हणजे उघडलं असं नाही. दुसऱ्यांदा उघडताना फायली मेमरीत असतात, वेळ फसवा येतो, म्हणून दर वेळी रीस्टार्ट. शटडाउन नाही बरं का! विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतरही कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, जुनीच स्थिती परत येते. तीनदा मोजून मधला आकडा वहीत लिहिला.

सात मशीनवर ८ ते ११ सेकंद, काउंटरवर ४३. मशीन तर सगळी एकाच वेळी घेतलेली. कंट्रोल दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इन (एक्सेलला जोडलेले जादा प्रोग्राम) बंद ठेवून उघडलं, तरी ४१. म्हणजे दोष ॲड-इनचा नाही. मग डिफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडला जाणारा, प्रिंटर पाहिला, तर उन्हाळ्यातच भंगारात गेलेला नेटवर्क प्रिंटर. एक्सेल सुरू होताना त्याच्याच उत्तराची वाट बघत बसायचं. चालू प्रिंटर डिफॉल्ट केला, रीस्टार्ट करून पुन्हा मोजलं: ९.