टीम हरली की पुढचे दोन दिवस कसे काढायचे

मुंबई सिटी, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली आपली फुटबॉल टीम, हरली की पहिल्या पाच मिनिटांत काय सुरू होतं ते सगळ्यांना माहितीये, कोच हाकला, अमक्याला विका, तमक्याला पास देता येत नाही. राग येणारच, ज्याचा जीव अडकलाय त्यालाच राग येतो. पण रागात काय करायचं आणि काय नाही हे आधीच ठरलेलं असलं तर हार पचते. यंदाच बघायला लागलेल्या पोरापोरींसाठी खास लिहितोय.

मॅच अंधेरीला, म्हणजे आपल्या होम ग्राउंडवर असेल तर शिट्टी वाजल्या वाजल्या गेटकडे पळू नका. हरल्यावर प्लेयर मान खाली घालून स्टँडकडे येतात तेव्हा तिथे माणसं दिसली पाहिजेत. टाळ्या वाजवाव्याशा वाटत नसतील तर नुसतं उभं रहा, पण आईबहिणीवरून शिव्या नकोत, बाजूच्या सीटवर निळी जर्सी घातलेली शाळेतली पोरं असतात आणि हरल्यावर कसं वागायचं ते ती तुमच्याकडे बघूनच शिकतात. मग वीरा देसाई रोडच्या गर्दीत रिक्षा शोधत बसण्यापेक्षा आझाद नगर मेट्रोपर्यंत चालत जा, बरोबर कोणीतरी आपलाच असतो, बोलत बोलत अर्धा राग उतरतो. टपरी उघडी असेल तर कटिंग घ्या आणि मगच घरी जा, कारण घरी गेल्यावर "हरले ना?" हा प्रश्न येणारच आहे.

त्या रात्री कुठल्याही प्लेयरच्या अकाउंटवर जाऊन काहीही लिहायचं नाही, हे मात्र अगदी कडक पाळा. मार्च 2023 ची बेंगळुरूविरुद्धची सेमीफायनल आठवा, दोन मॅचची (दोन लेगची), दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. लीग शिल्ड, म्हणजे टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी, आपण आधीच जिंकलेली, पण पहिल्या लेगमध्ये आपल्याच ग्राउंडवर त्यांच्या सुनील छेत्रीने गोल केला आणि 1-0 ने हरलो. दुसऱ्या लेगमध्ये तिथे जाऊन 2-1 जिंकलो, एकूण 2-2, आणि पेनल्टीवर 9-8 ने हरून बाहेर गेलो. ज्याची पेनल्टी अडवली गेली तो मेहताब सिंग, आणि त्याच मॅचमध्ये आपल्याला बरोबरीत आणणारा गोलही त्याचाच. त्याने तो गोल मारला नसता तर पेनल्टीपर्यंत गेलोच नसतो! रात्री साडेदहाला हे कोणाला आठवत नाही, म्हणूनच फोन बाजूला ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी ही हार कुठल्या जातीची आहे ते ओळखा, कारण सगळ्या हारींना एकच औषध चालत नाही. पेनल्टीवरची हार म्हणजे 120 मिनिटांत कोणीच कोणाला हरवलेलं नाही, तिथे फार खोदकाम करू नका, दुःख करा आणि सोडा. 29 मार्च 2025 ला बेंगळुरूमध्ये 5-0 खाल्ले ती हार वेगळी, तिथे नशीब-बिशीब म्हणायची सोय नाही, अशी मॅच नीट परत बघावीच लागते.

आणि तिसरी जात, एकच पाऊल राहिलं आणि गेलं. 15 एप्रिल 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, शिल्डसाठी आपल्याला नुसता ड्रॉ पुरत होता आणि कोलकात्याच्याच मोहन बागानने 2-1 ने हरवलं, आपल्या छांगतेचा गोल आला पण उशिरा. माझ्या मते ही सगळ्यात जास्त लागते. पण इथे टीम संपली म्हणायची घाई करायची नाही, कारण 4 मेला त्याच ग्राउंडवर, त्याच मोहन बागानशी लीगच्या कपची फायनल होती, हाफटाइमला 1-0 ने मागे होतो आणि डियाझ, बिपिन, वोइतुश असे तीन गोल करून 3-1 ने कप उचलला. टीम तीच, कोच क्रॅटकीच.

मॅच परत बघायची ती दोन दिवसांनी, आवाज बंद करून. कॉमेंट्री बंद केली की आपल्या डोळ्यांनी दिसायला लागतं. गोल बघू नका, गोलच्या आधीची दहा-पंधरा सेकंदं बघा. बॉल कुठे गेला, समोरच्याने क्लिअर केलेला सेकंड बॉल कोणी उचलला, आपला फुल बॅक (कडेचा डिफेंडर) वर गेला तेव्हा त्याच्या मागची मोकळी जागा कोणी झाकली, की कोणीच नाही. बऱ्याचदा ज्या डिफेंडरला आपण शिव्या घातल्या तो दोघांच्या मध्ये एकटा सापडलेला असतो आणि खरी चूक वर मिडफिल्डमध्ये बॉल गमावला तिथे झालेली असते. कॅमेरा बॉलच्या मागे असल्यामुळे टीव्हीवर यातलं सगळंच दिसत नाही, ग्राउंडवर दिसतं, म्हणून जाता येईल तेव्हा ग्राउंडवर जाच.

ऑफिसमध्ये क्रिकेटवाले चिडवतील, त्यांच्याशी वाद घालू नका, पुढच्या होम मॅचला त्यांच्यातल्याच एकाला घेऊन या. त्याचं तिकीट तुम्ही काढा, जर्सी नसेल तर साधा निळा टीशर्ट चालतो, आणि किकऑफच्या अर्धा तास आधी आत घेऊन जा म्हणजे वॉर्मअप आणि गाणी दोन्ही मिळतील.