जुनं इंग्लिश फुटबॉल कसं पाहावं

सुरुवात ५ फेब्रुवारी १९७२च्या एफए कपमधल्या (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) हेरफर्ड-न्यूकॅसल लढतीने करा. गोल लगेच शोधू नका, आधी मैदान बघा. नुसता चिखल! त्या चिखलातून रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि पोरं मैदानात धावली. रॅडफर्ड पेशाने सुतार. त्याचा संघ हेरफर्ड फुटबॉल लीगमध्येही (इंग्लंडची मुख्य व्यावसायिक लीग) नव्हता, तरी जादा वेळेत त्यांच्या रिकी जॉर्जने गोल करून न्यूकॅसलला घरी पाठवलं. मला आजही भरून येतं.

मग १९८८चा एफए कप फायनल लावा. विम्बल्डनला लीगमध्ये येऊन जेमतेम ११ वर्षं झाली होती, समोर लिव्हरपूल! विम्बल्डनचा गोलकीपर बीझंटने अडवलेली पेनल्टी दोनदा बघाच. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर हातात घेतो, याने वैतागू नका. ती बंदी १९९२ची.

उभ्या प्रेक्षकांची गर्दी बघताना १९८९ची हिल्सबरो स्टेडियममधली चेंगराचेंगरी मात्र विसरू नका. ९७ जीव गेले. तो काळ सगळाच गोड नव्हता.

शेवटी १९७९चा म्युनिकमधला युरोपियन कप (युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा) फायनल. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या विभागात असलेलं नॉटिंगहम फॉरेस्ट युरोपचं विजेतं ठरलं. गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा, म्हणजे ब्रिटनच्या पहिल्या दहा लाख पौंडांच्या खेळाडूचा.